चादर गेली गावाला

पत्राचा गोषवारा : सोलापुरातल्या एका वाचकाचं हे पत्र आहे. वय ६१, बँकेतून निवृत्त. पेठेतलं जुनं घर विकून दोन वर्षांपूर्वी त्यांनी जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला. मुलगा-सून पुण्याला. निवृत्तीनंतर दिवस खायला उठू लागला. तशात कुणीतरी मोबाइलवर ‘आनंदी राहण्याच्या सवयी’ धाडल्या. त्यातली ‘रोज एक चांगलं काम करा’ ही सवय त्यांना पटली. यंदा संक्रांतीला तिळगूळ वाटतानाच त्यांनी नेम धरला आणि वही घातली. पत्र लिहिलं त्या दिवशी वहीत ७४ नोंदी होत्या : फाटकाबाहेर पाणपोई, कुत्र्यांना बिस्किटं, शेजाऱ्यांची लाइटबिलं, एका अनोळखी पोराचं रिक्षाभाडं. जानेवारीच्या थंडीत सोसायटीच्या वॉचमनला त्यांनी कोरी सोलापुरी चादर दिली. आठवडा झाला तरी तो आपला जुन्या, विटलेल्या चादरीतच. विचारलं तर म्हणाला, “सायेब, ती गावाकडं लावून दिलो की, आईला.” हे त्यांच्या मनाला लागलं. ते लिहितात, ‘आनंद तर नाहीच, उलट माणसांचा राग येऊ लागलाय. कुणी साधं थँक्यू म्हणत नाही. पहाटे चारला जाग येते आणि हेच डोक्यात फिरतं. आपण डॉ. कोटणीसांच्या गावची माणसं, आणि मला एवढंही मनापासून जमू नये? खोट माझ्यात आहे की माणसांत?’ बायको “माठ मी भरते, पुण्य तुमचं” असं म्हणते, हेही त्यांनी कंसात लिहिलंय. आणि खालच्या मजल्यावरच्या तेलुगू आजी अधूनमधून पच्चडीची (त्यांच्याकडच्या चटणीची) वाटी पाठवतात, ती ‘त्यांना उगाच त्रास नको म्हणून’ हे गृहस्थ तशीच परत पाठवतात.

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात चादरीपाशी थांबले, दुसऱ्या वाचनात माठापाशी. चादरीवर तुम्ही सव्वा पान खर्च केलंय आणि माठावर एक ओळ, तीही कंसात. उत्तरात मी हे प्रमाण जरा बदलणार आहे, रागावू नका.

आधी चादर. तुम्ही बँकेत उभा जन्म काढलात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. चेक वटला, रक्कम समोरच्याच्या खात्यात गेली. मग त्यानं त्यातून ज्वारी भरली की लेकीला पैंजण केले, हे चेक लिहिणाऱ्यानं विचारायचं नसतं. काउंटरवर हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, फाटकापाशी आल्यावर कसं विसरलात? मला वाटतं, तुम्ही नुसती चादर दिलीच नव्हती. तिच्याबरोबर एक चित्र मनात धरलं होतं. पहाटेची थंडी, फाटकाशेजारचं स्टूल आणि तुमच्या चादरीत गुरफटून बसलेला माणूस. फिरायला निघताना ते रोज दिसलं असतं. ते चित्र गावाला गेलं, म्हणून लागलं.

आणि त्या माणसानं केलं काय? स्वतः जुन्यात राहून कोरी चादर आईला दिली. तुम्ही वहीत जे लिहिता तेच त्यानं केलं, आणि अंमळ जास्तच केलं, कारण तुमच्या कपाटात दुसरी होती. (आपल्या घरांत तरी वेगळं काय असतं? कोरी चादर डांबरगोळ्यांत, जावयाची वाट बघत. आपण जुनीच पांघरतो.) शिवाय तो तुमच्याशी खरं बोलला. ‘चोरीला गेली सायेब’ म्हणून दुसरी मागता आली असती की. तुमच्यासमोर आईचं नाव घ्यायला तो कचरला नाही, हे थँक्यूपेक्षा मला मोठं वाटतं. तुम्हाला वाटतं का, बघा.

आता तुमचा मूळ प्रश्न. चांगलं काम केलं की आनंद होतो, हे मोबाइलवर फिरणारं थोतांड आहे का? थोतांड नाही. २००८ मध्ये एलिझाबेथ डन, लारा अकनिन आणि मायकेल नॉर्टन या तिघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॅनडातल्या एका विद्यापीठाच्या आवारात त्यांनी सकाळी काही जणांना पाकिटं दिली, कुणाला ५ डॉलर, कुणाला २०. काहींना सांगितलं, हे संध्याकाळपर्यंत स्वतःवर खर्च करा. काहींना सांगितलं, दुसऱ्यासाठी खर्च करा. संध्याकाळी फोन करून विचारलं तेव्हा दुसऱ्यासाठी खर्च करणारे जास्त खुशीत निघाले, आणि पाकिटात पाच होते की वीस यानं फरक पडला नव्हता. तुम्हाला आलेला निरोप बहुधा अशाच कुठल्यातरी प्रयोगावरून फिरत फिरत आला असावा. पण फिरताना खालचा मजकूर गळून पडला. याच मंडळींनी पुढे असंही मांडलं की दुसऱ्यासाठी केलेल्या गोष्टीतून बरं वाटायचं तर ती आपण मर्जीनं केलेली हवी, त्या माणसाशी आपला काही धागा हवा आणि आपल्या करण्यानं काय घडलं ते दिसायला हवं.

या तीन गोष्टी घेऊन तुमची वही चाळा. लाइटबिलं घ्या. पहिल्या महिन्यात तुम्ही आपणहून एका म्हाताऱ्या जोडप्याचं बिल भरून दिलंत. आज पाच घरांची बिलं तुमच्या दाराच्या फटीतून आत सरकतात, त्यातली तिघं तुमच्याहून तरुण आहेत आणि त्यांच्या हातात तुमच्यापेक्षा महागडे मोबाइल आहेत. ही मर्जी राहिली नाही, हा बिनपगारी काउंटर झाला. त्या तिघांना हसत हसत ‘आता मोबाइलवर भरायला शिकवतो, रविवारी या’ म्हणा. आले तर शिकवा. नाही आले तर बिल फटीतून बाहेर सरकवा. चांगुलपणात नकार बसत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला? नाही म्हणता येत नसेल, तर हो म्हणण्यातही काही दम राहत नाही.

रिक्षाभाडं, बिस्किटं यांत धागाच नाही. पोरगं उतरून गेलं, कुत्रं खाऊन गेलं. करू नका असं मी म्हणत नाही. (कुत्र्यांना मात्र ती गोड बिस्किटं नकोत, भाकरीचा तुकडा द्या.) पण दिवस संपत आला, नोंद झाली नाही, आता पटकन काहीतरी चांगलं करून टाकू, अशा घाईनं केलेल्या कामाकडून आनंदाची अपेक्षा कशी ठेवायची? ती परतफेडीची तारीख गाठल्यासारखी गत झाली.

चादरीच्या बाबतीत तिसरी गोष्ट अडली : काय घडलं ते तुम्हाला दिसलं नाही. तेव्हा तुमचं वाईट वाटणं अगदीच वेडगळ नव्हतं. पण दिसण्याचा रस्ता त्यानंच दाखवला होता आणि तुम्ही तिथून वळलात. ‘आईला आवडली का हो चादर?’ एवढं विचारायचं. म्हातारी कुठं असते, एकटी असते का, थंडीत तिचे गुडघे धरतात का, हे सगळं त्या एका प्रश्नामागे उभं आहे. उद्या विचारलं तरी चालेल, तुमची चादर कुठे शिळी झालीय? फक्त त्याच्या जुन्या चादरीकडे बघत विचारू नका.

थँक्यूचं म्हणाल तर अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी शिकागोत एक छान गोष्ट करून पाहिली. थंडीत स्केटिंगच्या जागी आलेल्या लोकांकडून त्यांनी अनोळखी माणसांना गरम चॉकलेटचा कप द्यायला लावला. देणाऱ्यांना वाटलं, समोरच्याला याचं काय मोठं! प्रत्यक्षात घेणाऱ्यांना देणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त बरं वाटलं होतं. तिथे ते मोजायला कागद-पेन घेऊन माणसं उभी होती. आपल्याकडे माणूस पाणपोईवर पाणी पितो, तोंडावरून हात फिरवतो, टोपी सारखी करतो आणि चालू लागतो. ते थँक्यू आहे. आपल्या भागात ते तोंडानं कमीच म्हणतात. आपल्या आईला आपण कधी म्हटलं होतं?

दुसरी एक गंमत सांगते. आयरिस मॉस आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की आनंदी असणं फार महत्त्वाचं आहे असं मनावर ठसवून लोकांना आनंदाचा सिनेमा दाखवला, तर त्यांना इतरांपेक्षा कमी आनंद झाला. मन सारखं तपासत राहतं ना, आला का, आला का. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी पेरून रोज सकाळी माती उकरून कोंब बघितले तर हुरड्याला काय उरेल? तुमची वही ते उकरणं आहे. प्रत्येक नोंदीपुढे ‘समाधान : दहापैकी किती’ असा रकाना तुम्ही आखलाय, हे वाचून मला आधी हसू आलं. मग तसं आलं नाही, कारण त्या रकान्यात तुम्ही बहुतेक ठिकाणी ‘तीन’ लिहिलंय.

डॉ. कोटणीसांना यात ओढू नका, एवढी विनंती. १९१० साली इथे जन्मलेला तो माणूस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला तो जखमींवर उपचार करायला, आणि १९४२ मध्ये तिथेच गेला. त्यांचं नाव आपल्या गावाला भूषण आहे, पण ते तुमच्या लाइटबिलांवर मोजपट्टी म्हणून धरलं तर दोघांवरही अन्याय होतो.

त्यापेक्षा तळ्याकडे जाऊ. सिद्धेश्वराचं तळं सिद्धरामेश्वरांनी आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांनी श्रमातून खोदलं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. बाराव्या शतकातल्या त्या शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या काळातल्या शिवभक्त संतांच्या, परंपरेत दोन शब्द जोडीनं येतात : कायक आणि दासोह. कायक म्हणजे हातानं, प्रामाणिकपणे केलेलं आपलं काम. दासोह म्हणजे त्यातून आलेलं वाटून खाणं, आणि ते वाटताना मी दाता नाही, मी सेवक, दास, ही भावना ठेवणं. सोलापुरात आपण दासोह म्हटलं की प्रसादाच्या पंगतीत उतरतो, हुग्गी (गव्हाची खीर) आठवते आणि पुढचा अर्थ पत्रावळीबरोबर टाकून देतो. मला त्यातली ही जोडी आवडते. नुसता दासोह नाही, आधी कायक. वाटायचं ते आपल्या कामातून आलेलं.

तुमचं कायक काय? फॉर्म. पासबुक. केवायसी. वारसनोंद. स्लिपवर अक्षरी रक्कम कुठे लिहायची, हे. तुम्हाला ते इतकं अंगवळणी पडलंय की त्याची किंमतच राहिली नाही. पण या शहरात विड्या वळणाऱ्या, यंत्रमागावर कांड्या भरणाऱ्या कितीतरी बायका अशा आहेत की बँकेच्या दारात पाऊल टाकताना त्यांचे हातपाय गळतात. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी म्हातारी माणसं रांगेत कशी बावरलेली असतात, हे तुम्ही काचेच्या आतून बघितलंय. आता काचेच्या बाहेरून बघा. आठवड्यातून एक सकाळ, दोन तास, जिथे अशा माणसांची ये-जा आहे अशा एखाद्या देवळात, वाचनालयात किंवा तुमच्या जुन्या पेठेतल्या कट्ट्यावर बसा. एक पेन, एक चष्मा, स्टॅम्पपॅड. दोन गोष्टींना हात लावायचा नाही : कुणाचा पिन किंवा ओटीपी विचारायचा नाही, आणि कुणाचे रोख पैसे ‘मी भरून टाकतो’ म्हणून घ्यायचे नाहीत. तुम्ही कितीही सचोटीचे असलात तरी नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, पण इतर वाचकांसाठी लिहून ठेवते.

रोज एकऐवजी आठवड्यातून एक दिवस का म्हणते, तर त्यालाही थोडा आधार आहे. सोन्या ल्युबोमिर्स्की या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ. त्यांनी विद्यार्थ्यांना सहा आठवडे, आठवड्याला पाच चांगली कामं करायला सांगितली. ज्यांनी पाचही एकाच दिवशी केली त्यांना फरक जाणवला. रोज थोडी थोडी करणाऱ्यांची ती रोजच्या कामांत विरघळून गेली. हा एकच अभ्यास आहे, त्याला वेद मानू नका. पण तुमची ‘रोज एक’ची सक्ती सैल करायला पुरेसा आहे.

आता जरा माझं ऐका.

तीसेक वर्षांपूर्वी मी नवी नवी शिक्षिका होते. आम्ही पूर्व भागात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. भिंतीपलीकडे यंत्रमाग, रात्रभर खटखट. मुलगी दहा महिन्यांची. शेजारी एक मावशी होती. दिवसभर दारात बसून विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं, बाजूला तंबाखूची थाळी, बोटांची अशी लगबग की बघत राहावं. संध्याकाळपर्यंत हजार विड्या पुऱ्या करायच्या, तेव्हा चूल पेटायची. मी शाळेत जाताना तिनं एकदा हात पुढे केला आणि बाळाला घेतलं. तेव्हापासून रोज. माझी मुलगी तिला अव्वा म्हणायची, मराठीतला पहिला शब्द बोलायच्या आधी.

महिना झाला, मी पैसे दिले. तिनं घेतले, सुपाखाली सरकवले. दुसऱ्या दिवशी मुलीच्या झबल्याच्या खिशात तेच पैसे, तशीच घडी. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्या महिन्यात मी जरा चिडूनच म्हटलं, “मावशी, मला ओशाळं वाटतं.” ती काही बोलली नाही, विडीचं तोंड मुडपत राहिली. पैसे परत आलेच.

मग एका संध्याकाळी ती एक जुनी पिशवी घेऊन आली. आत कागद. विडी कामगाराच्या ओळखपत्राचा फॉर्म, नातवाच्या शाळेचे कागद, कुठल्यातरी नोटिशीचा चुरगळलेला कपटा. म्हणाली, “वाचून सांग की.” मी वाचलं, भरलं, सह्यांच्या जागी अंगठे घेतले. पुढच्या आठवड्यात नातवाला पुढे केलं, पाढ्यांसाठी. त्यानंतर मी दिलेलं तिनं सगळं घेतलं. दिवाळीचा फराळ, जुनं घड्याळ, एकदा तर आपणहून साखर मागून नेली. मला कळायला वेळ लागला. पैसे घेतले असते तर ती माझ्याकडची बाई झाली असती. तिला शेजारीण राहायचं होतं. आणि शेजारीण राहायला, मी तिच्याकडून घेते तसं तिला माझ्याकडून काहीतरी मागता यावं लागत होतं, तेही तिला हवं ते, मी ठरवलेलं नव्हे.

म्हणून तुमची वही चाळताना मला ७४ नोंदींपेक्षा एक न केलेली नोंद टोचली. या अडीच महिन्यांत तुम्ही कुणाकडून काही घेतल्याचं एकदाही लिहिलेलं नाही. घेतलंच नाही असं होईल का? रोज डबा कुणी भरला? पाच्छा पेठेतून सामान हलवलं तेव्हा खांदा कुणी दिला? तुमच्या हिशेबात सगळा खर्चच आहे, जमेची बाजू कोरी. अशा ताळेबंदावर तुम्हीच कधी सही केली नसती.

इथे माठ येतो. ‘माठ मी भरते, पुण्य तुमचं.’ वहिनींनी हे हसत म्हटलं की रागानं, तुम्ही लिहिलं नाही. सोलापुरात पाणी रोज सुटत नाही, मध्ये दिवस जातात. पाणी सुटलं की अर्ध्या रात्री उठून पिंप, हंडे, बाटल्या भरायच्या, पुढचे दिवस हात राखून वापरायचं. त्या मोजलेल्या पाण्यातला माठ रोज रस्त्यावर जातो, तो उचलून फाटकापर्यंत नेणारे, घासून पालथा घालणारे हात वहिनींचे. कल्पना तुमची, पाटी तुमची, नोंद तुमची. मी त्यांच्या जागी असते तर एवढ्या थोडक्यात आवरलं नसतं.

पुढच्या वेळी पाणी सुटेल तेव्हा तुम्ही उठा. माठ तुम्ही भरा, आणि ते वहीत लिहू नका. ‘आजपासून मी तुला मदत करणार आहे’ अशी घोषणाही नको. पंच्याहत्तरावी नोंद म्हणून बायकोला पाणी भरून दिलं, तर ती माठ तुमच्या डोक्यावर रिकामा करेल आणि मी तिच्या बाजूनं असेन. माठ झाकलेला ठेवा, पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, पेला आत बुडवू देऊ नका. पाखरांसाठी पसरट भांडं ठेवणार असाल तर तेही दोन-तीन दिवसांनी घासून कोरडं करा, साठल्या पाण्यात डास होतात. आता एप्रिल-मेचं ऊन पुढे आहे. पाणपोई बंद करू नका, ती तुमच्या यादीतली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. फक्त ती कुणाची आहे, हे पाटीवर नाही तरी तुमच्या मनात दुरुस्त करा.

वही फेकू नका. तुम्हाला लिहायची सवय आहे आणि ती चांगली आहे. ‘समाधान दहापैकी’ हा रकाना मात्र खोडा. त्याजागी आठवड्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी, एवढंच लिहा : या आठवड्यात मला कुणी काय दिलं. चार-पाच ओळी पुरेत. रोज लिहायला बसलात तर तेही कारकुनी होईल. ‘भाजीवालीनं कोथिंबीर वर घातली’ असं चालेल. ‘मुलानं फोन केला, तीन मिनिटं’ हेही चालेल, पण तीन मिनिटं हे टोमण्यासारखं लिहायचं नाही. त्याला पुण्याच्या ट्रॅफिकमधून घरी जायचं असतं.

तुमच्यासारखी पत्रं मला हल्ली बरीच येतात. कुणी सकाळी पाच चांगल्या गोष्टी लिहितं, कुणी हसण्याच्या क्लबात जातं, कुणी दर वाढदिवसाला आश्रमात जेवण देतं आणि फोटो काढून परत येतं. मी कुणाला थांबवत नाही. विचारते एवढंच, की तिथे तुम्हाला नावानं ओळखणारं कुणी आहे का? हार्वर्डमध्ये १९३८ पासून काही माणसांच्या आयुष्याचा पाठपुरावा चाललाय, आता त्यांची पुढची पिढीही त्यात आहे. तिथून पुन्हा पुन्हा हेच निघतं की जवळची, भरवशाची नाती असणारी माणसं जास्त सुखात आणि जास्त धडधाकट राहतात. जुन्या पेठेत तुम्ही दाराबाहेर पडलात की दहा जण ‘काय साहेब’ म्हणत होते. तिथे चांगुलपणाची वही लागत नव्हती. जुळे सोलापुरातल्या लिफ्टमध्ये मान खाली घालून उभं राहिल्यावर लागली. तुम्हाला आनंद हरवलाय असं वाटतंय, मला वाटतं पेठ हरवलीय. ती वहीतल्या ७४ नोंदींत सापडणार नाही, दोन-तीन ओळखीच्या दारांत सापडेल.

पहाटे चारची जाग मात्र मी वहीच्या खाती टाकणार नाही. कधीमधी होतं. पण दोन आठवड्यांहून जास्त रोज असंच होत असेल, जेवणावरची वासना उडाली असेल, पूर्वी आवडायचं ते आवडेनासं झालं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आधी नेहमीचे फॅमिली डॉक्टर, ते पुढे कुणाकडे ते सांगतील. निवृत्तीनंतर मन असं बसकण मारतं, त्याला उपचार असतात आणि ते गुण देतात. कुणाशी बोलावंसं वाटलं तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलतात. सत्कृत्यं वाढवून झोप येत नसते.

राहता राहिली पच्चडीची वाटी.

‘त्यांना उगाच त्रास नको’ हे तुमचं कारण मी तीनदा वाचलं. खालच्या आजी तेलुगू, तुमच्याशी मराठीत दोन वाक्यांपलीकडे बोलत नाहीत, घरातली सगळी कामाला गेल्यावर एकट्या असतात, हे तुम्हीच लिहिलंय. त्यांच्यापाशी द्यायला जे आहे ते त्या वाटीत घालून जिना चढतात. तुम्ही ती भरलेलीच परत करता. वॉचमननं तुमची चादर ‘नको सायेब, तुम्हाला त्रास’ म्हणून हातात परत ठेवली असती तर तुम्ही मला किती पानं लिहिली असती?

पुढची वाटी घ्या. तिखट सोसत नसेल तर दह्यात कालवून ज्वारीच्या कडक भाकरीशी खा, छान लागते. आपल्याकडे शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. पण वहिनींना हाक मारून ‘यात काहीतरी घालून दे’ म्हणायचं नाही. शेंगाचटणी तुम्ही करा. शेंगादाणे आणा, मंद आचेवर स्वतः भाजा, करपू देऊ नका, सालं पाखडा. लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट घालून खलबत्त्यात कुटा. मिक्सरमध्ये नको, भुगा होतो. तेल सुटेपर्यंत कुटायचं. अर्धा तास जाईल आणि दंड भरून येतील. पहिल्यांदा बिघडली तरी तीच न्या, आजी सांगतील काय कमी पडलं ते.